वेब ॲप मॅनेज्ड क्लाउडवर चढवताना: पहिल्या पुशपासून पहिल्या रोलबॅकपर्यंत

पहिलं डिप्लॉय फसतं तेव्हा लॉग साधारण असा दिसतो. पॅकेजेस उतरली, बिल्ड झालं, इमेज (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पॅकेज) तयार झाली, प्रोसेस सुरू झाली आणि 'लिसनिंग ॲट १२७.०.०.१, पोर्ट ८०००' अशी ओळ आली. मग मिनिटभर काहीच नाही. शेवटी प्लॅटफॉर्मचा निरोप येतो, की ॲपने ठरलेल्या वेळात पोर्ट उघडलं नाही, म्हणून प्रोसेस बंद करण्यात आली. कोडमध्ये एकही चूक नसते. लॅपटॉपवर तेच ॲप मजेत चालत असतं.

ॲप चालू असतं, पण फक्त स्वतःशी बोलत असतं. १२७.०.०.१ हा पत्ता त्या कंटेनरच्या, म्हणजे ॲप ज्या बंदिस्त जागेत चालतं तिच्या, आतला. बाहेरचा लोड बॅलन्सर, म्हणजे येणाऱ्या विनंत्या वाटून देणारा सर्व्हर, तिथे पोहोचूच शकत नाही. दुरुस्ती एका ओळीची आहे, ती पुढे येईलच. पण हा प्रसंग सुरुवातीला सांगितला, कारण मॅनेज्ड प्लॅटफॉर्मवरच्या बहुतेक अडचणी याच जातीच्या असतात. लॅपटॉपवर आपण नकळत गृहीत धरलेली एखादी गोष्ट तिथे नसते.

प्लॅटफॉर्म कोणत्या बोलीवर काम करतो

हेरोकू २००७ साली सुरू झालं, गूगल ॲप इंजिन २००८ साली आलं. तेव्हापासून बोली फारशी बदललेली नाही: तुम्ही कोड द्या, मशीन आम्ही सांभाळू. ऑपरेटिंग सिस्टिमचे पॅच, लोड बॅलन्सर, एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र, बंद पडलेली प्रोसेस पुन्हा उभी करणं, हे सगळं त्यांच्याकडे. त्याच्या बदल्यात ते एक हक्क राखून ठेवतात. तुमच्या ॲपची कोणतीही चालती प्रत ते कधीही बंद करून दुसऱ्या मशीनवर नव्याने उभी करू शकतात. हेरोकूवर हे दिवसातून किमान एकदा ठरवून होतं. गूगलच्या क्लाउड रनवर रहदारी ओसरली की प्रती शून्यापर्यंत खाली येतात. रेंडर या प्लॅटफॉर्मच्या फुकट प्लॅनवर १५ मिनिटं कोणी फिरकलं नाही, की ॲप झोपी जातं.

हा हक्क मनात पक्का बसला की पुढची प्रत्येक पायरी आपोआप सुचत जाते. माझी प्रत आत्ता या क्षणी मारली, तर काय हरवेल? अर्धवट काय राहील? हेरोकूच्या ॲडम विगिन्स यांनी २०११च्या सुमारास 'ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप' नावाची १२ तत्त्वं मांडली, त्यांच्या मुळाशीही हाच प्रश्न आहे.

प्लॅटफॉर्म निवडण्यात लोक आठवडे घालवतात, तेवढी गरज नसते. कंटेनर इमेज चालवता येते का, तुमच्या वापरकर्त्यांच्या जवळ त्यांचं रीजन (सर्व्हर जिथे आहेत तो भौगोलिक भाग) आहे का, त्याच रीजनमध्ये मॅनेज्ड पोस्टग्रेस हा डेटाबेस मिळतं का आणि बॅकअप डाउनलोड करता येतो का, एवढं पाहा. हेरोकू, रेंडर, क्लाउड रन, अझुर ॲप सर्व्हिस, इलॅस्टिक बीनस्टॉक, कुठेही गेलात तरी खालची तयारी सारखीच लागते. उदाहरणासाठी मी एका कार्यक्रमाची नोंदणी घेणारं, जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमधलं ॲप धरतो. त्यात फॉर्म आहे, फोटो अपलोड आहे, नोंदणी झाल्यावर मेल जातो आणि डेटा पोस्टग्रेसमध्ये आहे.

पायरी १: रेपो आवरून घ्या

तुमच्या मशीनवर जे आहे त्यातलं रेपोमध्ये नसलेलं काहीही प्लॅटफॉर्मला माहीत नसतं. म्हणून प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती लॉक फाइलमध्ये असायला हवी आणि ती फाइल कमिट झालेली हवी. नोडवाल्यांनी बिल्डमध्ये 'एनपीएम इन्स्टॉल'ऐवजी 'एनपीएम सीआय' वापरावं. लॉक फाइल आणि पॅकेज फाइल जुळत नसतील तर ते तिथेच थांबतं, गुपचूप नवी आवृत्ती ओढत नाही. पायथन किंवा नोडची स्वतःची आवृत्तीही लिहून ठेवा. नाहीतर प्लॅटफॉर्म आपली डीफॉल्ट आवृत्ती लावतो आणि ती एखाद्या दिवशी बदलते.

फाइलच्या नावातली लहान-मोठी अक्षरंही तपासा. मॅक आणि विंडोजवर सहसा फरक पडत नाही, लिनक्सवर पडतो. कॅपिटल अक्षराने इम्पोर्ट केलेली फाइल डिस्कवर स्मॉलमध्ये असेल, तर लॅपटॉपवर चालेल आणि बिल्डमध्ये 'मॉड्यूल सापडलं नाही' म्हणून पडेल.

गुपितं, म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड, मेल सेवेची की, जँगोची सीक्रेट की, ही सगळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेर प्लॅटफॉर्मच्या सेटिंगमध्ये, ठेवा. एखादी की चुकून कमिट झालीच, तर पुढच्या कमिटमध्ये ती ओळ काढून भागत नाही. गिटच्या इतिहासात ती तशीच राहते. ती की फुटली असं समजायचं, नवी तयार करायची आणि जुनी रद्द करायची. त्याच दिवशी.

एक सवय मला फार उपयोगी पडली. ॲप सुरू होतानाच सगळी आवश्यक व्हेरिएबल्स वाचायची आणि एखादं नसेल तर त्याचं नाव लिहून प्रोसेस तिथेच थांबवायची. मेलची की नाही, हे डिप्लॉयच्या वेळी कळलेलं बरं. पहिल्या माणसाने नोंदणी केल्यावर कळलं तर त्याचा मेल गेलेला नसतो.

पायरी २: पोर्ट आणि पत्ता

आता सुरुवातीची अडचण. बहुतेक प्लॅटफॉर्म 'पोर्ट' नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून क्रमांक देतात. क्लाउड रनचा डीफॉल्ट ८०८०, रेंडरचा १००००. हेरोकूवर तो दर वेळी वेगळा असू शकतो. क्रमांक कोडमध्ये लिहायचा नाही, व्हेरिएबलमधून वाचायचा. पत्ता ०.०.०.० ठेवायचा, म्हणजे कंटेनरच्या सगळ्या नेटवर्क वाटांवर ॲप ऐकतं.

जँगोचा 'रनसर्व्हर' इथे वापरायचाच नाही, तो विकासासाठी आहे. गुनिकॉर्न हा सर्व्हर वापरा. 'पोर्ट' व्हेरिएबल असेल तर गुनिकॉर्न स्वतःहून ०.०.०.० आणि तो क्रमांक घेतो, नसेल तर १२७.०.०.१ आणि ८०००वर बसतो. तरीही मी सुरू करण्याच्या कमांडमध्ये 'बाइंड' स्पष्ट लिहितो. सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला अंदाज करावा लागू नये.

वर्करची, म्हणजे विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेसची, संख्याही इथेच ठरते. गुनिकॉर्नच्या कागदपत्रांत 'कोअरच्या दुप्पट अधिक एक' असा आडाखा दिलेला आहे. लहान प्लॅनवर मात्र मेमरी आधी संपते. ५१२ एमबीच्या प्रतीत १५० एमबी खाणारे चार वर्कर मावत नाहीत. प्रोसेस १३७ या कोडने बंद झालेली दिसली, तर आधी मेमरीकडे पाहा. १२८ अधिक ९, म्हणजे कर्नलने सिगकिल (तत्काळ बंद पाडणारा संकेत) पाठवून प्रोसेस मारली. मेमरी मर्यादेपलीकडे गेली की असं होतं. दोन वर्कर आणि प्रत्येकी तीन-चार थ्रेड, ही लहान ॲपसाठी चांगली सुरुवात आहे.

पायरी ३: डिस्कवर विसंबू नका

प्रत बंद झाली की तिची डिस्कही जाते. अपलोड झालेला फोटो 'मीडिया' फोल्डरमध्ये लिहिला, तर पुढच्या डिप्लॉयला तो गेला. दोन प्रती चालू असतील तर त्याच्याही आधी घोटाळा दिसतो. फोटो एका प्रतीत असतो आणि पान दुसरी प्रत देते, म्हणून फोटो कधी दिसतो, कधी नाही. क्लाउड रनवर लिहिलेली फाइल तर मेमरीतच जाते. म्हणजे मोठी अपलोड थेट मेमरीची मर्यादा खाते.

उपाय म्हणजे ऑब्जेक्ट स्टोरेज, फाइल्स ॲपबाहेर ठेवणारी सेवा: ॲमेझॉनची एस-थ्री किंवा त्याच पद्धतीने चालणारी दुसरी कोणतीही सेवा. शक्य असेल तर फोटो तुमच्या सर्व्हरमधून जाऊच देऊ नका. सर्व्हरने थोड्या मिनिटांपुरती चालणारी सही केलेली लिंक द्यायची आणि ब्राउझरने फाइल थेट स्टोरेजमध्ये टाकायची. मोबाइलच्या मंद नेटवरून १० एमबीचा फोटो चढायला मिनिट लागलं, तर तेवढा वेळ तुमचा एक वर्कर अडकत नाही.

सेशनही डिस्कवर किंवा प्रोसेसच्या मेमरीत ठेवू नका, डेटाबेसमध्ये किंवा रेडिस या मेमरीतल्या वेगवान साठ्यात ठेवा. सीएसएस आणि जावास्क्रिप्ट फाइल्स मात्र इमेजचाच भाग असतात. त्या एकत्र करणारी जँगोची 'कलेक्टस्टॅटिक' कमांड बिल्डच्या वेळी चालवा आणि व्हाइटनॉइज या लायब्ररीने ॲपमधूनच त्या ब्राउझरला द्या. लहान ॲपला वेगळी सोय लागत नाही.

पायरी ४: डेटाबेस जोडणे

मॅनेज्ड पोस्टग्रेस घेतलं की एक लांबलचक यूआरएल मिळतं. ते 'डेटाबेस यूआरएल' या व्हेरिएबलमध्ये ठेवायचं. काही ठिकाणी ते 'पोस्टग्रेस' या शब्दाने सुरू होतं आणि एसक्यूएल-अल्केमी ही पायथनची डेटाबेस लायब्ररी १.४पासून फक्त 'पोस्टग्रेएसक्यूएल' ओळखते. फ्लास्क या दुसऱ्या पायथन फ्रेमवर्कवाल्यांचं घोडं इथे हमखास अडतं. वाचताना तो शब्द बदलून घ्या.

ॲप आणि डेटाबेस एकाच रीजनमध्ये ठेवा. एका पानाला ३० क्वेरी लागत असतील आणि एका फेरीला १ मिलिसेकंद लागत असेल, तर एकूण ३० मिलिसेकंद जातात. डेटाबेस दुसऱ्या खंडात असेल आणि फेरीला ८० लागत असतील, तर तेच पान २.४ सेकंद घेतं. कोडमध्ये कितीही डोकं घातलंत तरी हा आकडा हलणार नाही.

मग कनेक्शनचा हिशेब. हा कागदावर करायचाच. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी एक स्वतंत्र प्रोसेस उघडतं. त्याची मूळ मर्यादा १०० आहे आणि लहान प्लॅनवर काही ठिकाणी ती २०च असते. तुमच्या ३ प्रती, प्रत्येकीत २ वर्कर, प्रत्येकात ४ थ्रेड, म्हणजे २४ कनेक्शन. डिप्लॉयच्या वेळी जुन्या आणि नव्या प्रती थोडा वेळ एकत्र चालतात, तेव्हा ४८. वरून पार्श्वभूमीचे वर्कर आणि तुम्ही स्वतः उघडलेलं कन्सोल. नेहमी व्यवस्थित चालणारं ॲप फक्त डिप्लॉयच्या वेळीच 'टू मेनी कनेक्शन्स' म्हणून पडत असेल, तर पाणी इथे मुरतंय.

आकडा मर्यादेच्या जवळ जात असेल तर मध्ये थोडी कनेक्शन अनेकांत वाटून वापरणारा पीजीबाउन्सर बसवा. अनेक प्लॅटफॉर्म तो तयार देतात. तो ट्रान्झॅक्शन मोडवर ठेवलात तर जँगोमध्ये सर्व्हर-साइड कर्सर बंद करण्याची सेटिंग चालू करा. नाहीतर मोठी यादी निर्यात करताना मधूनच 'कर्सर अस्तित्वात नाही' अशी तक्रार येते आणि कारण लवकर सापडत नाही.

पायरी ५: मेल आणि इतर मागची कामं वेगळी काढा

नोंदणीचा फॉर्म भरणाऱ्या माणसाला मेल जाईपर्यंत थांबवू नका. हेरोकूवर ३० सेकंदांत उत्तराची सुरुवात झाली नाही, तर राउटर विनंती तोडतो. मेल सेवा त्या दिवशी मंद असेल तर तुमची नोंदणी तिच्यापायी अडकते. काम रांगेत टाका आणि वेगळ्या वर्कर प्रोसेसकडून करून घ्या. कोड तोच, इमेज तीच, फक्त सुरू करण्याची कमांड वेगळी.

वेब प्रोसेसमध्येच थ्रेड सुरू करून काम उरकायचा मोह होतो. क्लाउड रनच्या मूळ सेटिंगमध्ये विनंती चालू असेपर्यंतच सीपीयू मिळतो. उत्तर पाठवलं की तुमचा थ्रेड जवळपास गोठतो आणि प्रत बंद झाली की कामासकट जातो.

रोज पहाटे चालणारं काम वेब प्रोसेसच्या आतल्या शेड्युलरवर ठेवू नका. आज एक प्रत असेल. उद्या तीन झाल्या की प्रत्येकाला स्मरणपत्राचा मेल तीनदा जाईल. प्लॅटफॉर्मचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणारी सोय, वापरा. आणि काम असं लिहा, की चुकून दोनदा चाललं तरी नुकसान होऊ नये. नोंदणीच्या ओळीत 'स्मरणपत्र पाठवल्याची वेळ' असा कॉलम ठेवला आणि पाठवण्याआधी तो तपासला, की बहुतेक प्रश्न मिटतो.

पायरी ६: पहिलं डिप्लॉय

डीबग बंद करा. 'अलाउड होस्ट्स'मध्ये प्लॅटफॉर्मने दिलेला पत्ता घाला. पायथनचे लॉग लगेच दिसावेत म्हणून 'पायथन अनबफर्ड' हे व्हेरिएबल १ करा. नाहीतर प्रोसेस पडते आणि शेवटच्या, सगळ्यात महत्त्वाच्या ओळी बफरमध्येच राहून जातात. लॉग फाइलमध्ये लिहू नका, स्टँडर्ड आउटपुटवर सोडा, ते गोळा करणं प्लॅटफॉर्मचं काम. 'चेक डिप्लॉय' ही जँगोची तपासणी एकदा चालवा. ती देते त्या इशाऱ्यांपैकी प्रत्येकाचा अर्थ समजून घ्या.

मग पुश करा आणि लॉग वरून खाली वाचत जा. नेमकं कुठे थांबलं, हे आधी ठरवा. बिल्डमध्ये थांबलं असेल तर पॅकेज किंवा आवृत्तीचा प्रश्न. बिल्ड झालं पण प्रोसेस सुरू होताच पडली, तर व्हेरिएबल किंवा इम्पोर्ट. सुरू झाली पण मिनिटभराने मारली गेली, तर पोर्ट किंवा हेल्थ चेक (ॲप जिवंत आहे का, ही प्लॅटफॉर्मची तपासणी). चालू आहे पण प्रत्येक पानाला ४०० (चुकीची विनंती) हा एरर कोड येतंय, तर 'अलाउड होस्ट्स'. माझ्या हातून झालेली पहिली डिप्लॉय बहुतेक या चारांपैकीच एकात अडकली.

पायरी ७: मायग्रेशन, आणि इथे घाई करायची नाही

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण प्लॅटफॉर्म इथे तुम्हाला वाचवू शकत नाही.

नोंदणीच्या टेबलमध्ये 'फोन' नावाचा कॉलम होता. मला तो 'मोबाइल' करायचा होता. मॉडेलमध्ये नाव बदललं, मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट) तयार झालं, चाचण्या पार पडल्या, पुश केलं. मायग्रेशन डिप्लॉयच्या आधीच्या टप्प्यात चाललं आणि सेकंदभरात संपलं. नव्या प्रती उभ्या राहून हेल्थ चेक पार करायला पन्नासेक सेकंद लागणार होते. तोवर रहदारी जुन्या प्रतींकडेच जात होती आणि त्या 'फोन' मागत होत्या. लॉगमध्ये एकाखाली एक 'कॉलम फोन अस्तित्वात नाही'. तेव्हा आलेली प्रत्येक नोंदणी ५०० देऊन परतली. मी घाबरून रोलबॅकचं बटण दाबलं. कोड मागे गेला, कॉलम गेला नाही. आता फक्त जुनाच कोड होता आणि त्याला हवा असलेला कॉलम कायमचा नाहीसा झालेला होता. पन्नास सेकंदांची अडचण अकरा मिनिटांची झाली. शेवटी कन्सोल उघडून हाताने कॉलमचं नाव परत बदलावं लागलं.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. डिप्लॉयच्या वेळी जुना आणि नवा कोड एकाच डेटाबेसवर एकत्र चालणार, हे धरूनच मायग्रेशन लिहायचं. कॉलमचं नाव बदलायचं असेल तर ते अनेक डिप्लॉयमध्ये करावं लागतं. आधी 'मोबाइल' हा नवा, रिकामा चालणारा कॉलम जोडा. मग दोन्हीकडे लिहिणारा आणि जुन्यातून वाचणारा कोड चढवा. त्यानंतर जुन्या ओळींची माहिती हजार-हजारच्या तुकड्यांत नव्यात भरा. मग वाचन नव्याकडे वळवा. पुढच्या डिप्लॉयमध्ये जुन्यात लिहिणं थांबवा. काही दिवस सगळं शांत असल्याची खात्री झाली, की जुना कॉलम काढा. कंटाळवाणं वाटतं, पण यातल्या कुठल्याही टप्प्यावरून एक पाऊल मागे येता येतं.

जँगोत दोन खाचखळगे आणखी आहेत. मॉडेल वाचताना जँगो सगळ्या कॉलमांची नावं घेऊन क्वेरी करतं. त्यामुळे एखादा कॉलम पानावर कुठेही वापरात नसला, तरी तो डेटाबेसमधून आधी काढलात तर जुना कोड पडतो. म्हणून फील्ड आधी मॉडेलमधून काढायचं आणि डेटाबेसमधला कॉलम पुढच्या डिप्लॉयला. 'सेपरेट डेटाबेस अँड स्टेट' ही सोय त्यासाठीच आहे. मात्र तो कॉलम रिकामा न चालणारा असेल तर आधी तो रिकामा चालेल असा करा, नाहीतर नवा कोड ओळ घालतानाच अडेल. दुसरा खळगा असाच, उलट बाजूने. रिकामा न चालणारा नवा कॉलम डीफॉल्टसह जोडला, तरी तो डीफॉल्ट जँगो पायथनच्या बाजूला ठेवतं, डेटाबेसमध्ये नाही. जुना कोड नवी ओळ घालायला गेला की अडतो. जँगो ५.०पासून 'डीबी डीफॉल्ट' आलं, त्याने डीफॉल्ट खुद्द डेटाबेसमध्ये राहतो.

आणि लॉक. पोस्टग्रेस ११पासून स्थिर डीफॉल्ट असलेला कॉलम जोडताना पूर्ण टेबल पुन्हा लिहावं लागत नाही, त्यामुळे काम क्षणात होतं. पण त्या क्षणासाठी टेबलवर पूर्ण लॉक लागतो. त्याच टेबलवर कोणाची तरी पाच मिनिटांची अहवालाची क्वेरी चालू असेल, तर तुमचं मायग्रेशन तिच्या मागे थांबतं. आणि तुमच्या मागे येणारी प्रत्येक साधी क्वेरीही रांगेत उभी राहते. म्हणून मायग्रेशनच्या आधी लॉक टाइमआउट काही सेकंदांचा ठेवा. लॉक मिळाला नाही तर मायग्रेशन पडू द्या, थोड्या वेळाने पुन्हा चालवा. चालू टेबलवर इंडेक्स घालताना 'कन्करंटली' वापरा. ते ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, म्हणून जँगोच्या त्या मायग्रेशनमध्ये ॲटॉमिक बंद करावं लागतं.

मायग्रेशन कुठून चालवायचं? वेब प्रोसेसच्या सुरुवातीच्या कमांडमध्ये नक्कीच नाही. तीन प्रती एकाच वेळी उठल्या, की तिघी एकाच वेळी ते चालवायला जातात. प्लॅटफॉर्मचा रिलीज टप्पा किंवा एकदाच चालणारा जॉब वापरा.

पायरी ८: हेल्थ चेक आणि नीट बंद होणं

हेल्थ चेकसाठी एक हलकं पान ठेवा, २०० देऊन मोकळं होणारं. त्यात मेल सेवा, स्टोरेज, बाहेरची एपीआय तपासू नका. मेल सेवा दोन मिनिटं बंद पडली म्हणून प्लॅटफॉर्म तुमच्या सगळ्या निरोगी प्रती एकदम बंद करेल. काही लोड बॅलन्सर हा चेक आयपी पत्त्याने करतात. तेव्हा जँगो 'अलाउड होस्ट्स'मुळे ४०० देतं आणि ॲप आजारी ठरतं. हे पान त्या तपासणीच्या आधी, मिडलवेअरमध्येच (विनंती पानापर्यंत जाण्याआधी चालणाऱ्या कोडमध्येच) उत्तर देईल असं करा.

प्रत बंद करताना प्लॅटफॉर्म आधी सिगटर्म, म्हणजे 'आवरून बंद हो' असा निरोप, पाठवतो. हेरोकू त्यानंतर ३० सेकंद देतो, क्लाउड रन १०. मग सिगकिल. या अवधीत ॲपने नव्या विनंत्या घेणं थांबवून हातातल्या पूर्ण करायच्या. गुनिकॉर्न हे करतं, पण निरोप त्याच्यापर्यंत पोहोचला तर. शेल स्क्रिप्टमधून सुरू केलेलं असेल तर निरोप शेलला मिळतो आणि शेल तो पुढे देत नाही. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत 'एक्झेक' लिहा, डॉकरफाइलमध्ये कमांड यादीच्या रूपात द्या. तपासणं सोपं आहे. मुद्दाम २० सेकंद लागणारी विनंती क्लाउड रनवर सोडलीत तर ती तुटणारच. म्हणून अवधीपेक्षा थोडा कमी वेळ घेणारी विनंती सोडा, मध्येच प्रत रीस्टार्ट करा आणि उत्तर येतं का पाहा.

पायरी ९: डोमेन आणि एचटीटीपीएस

उपडोमेनला सीनेम रेकॉर्ड (एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणारी डीएनएस नोंद) लावा. मूळ डोमेनवर सीनेम चालत नाही, तिथे एलियास किंवा ए रेकॉर्ड लागतो. डीएनएस बदलण्याच्या आदल्या दिवशी टीटीएल (नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणून ठेवा. प्रमाणपत्र येत नसेल तर डोमेनवर सीएए रेकॉर्ड आहे का पाहा. त्यात प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव नसेल तर ती देणारच नाही. लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची प्रमाणपत्रं ९० दिवसांची असतात आणि नूतनीकरण प्लॅटफॉर्म करतो, म्हणून डोमेनचे हे सगळे रेकॉर्ड नंतरही हलवू नका.

एचटीटीपीएस लोड बॅलन्सरपाशी संपतं. ॲपपर्यंत साधं एचटीटीपी येतं आणि मूळ विनंती कशी होती हे 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' या हेडरमध्ये असतं. जँगोला 'सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर' सेटिंगने ते सांगितलं नाही, तर एचटीटीपीएसकडे वळवण्याचं चक्र कधी थांबतच नाही. ब्राउझर 'टू मेनी रीडायरेक्ट्स' म्हणतो. फॉर्म भरल्यावर ४०३ येण्यामागेही अनेकदा हेच असतं. एचएसटीएस, म्हणजे या डोमेनवर फक्त एचटीटीपीएसनेच या ही ब्राउझरला दिलेली सूचना, लगेच वर्षभरासाठी लावू नका. पहिला आठवडा ३६०० सेकंदांवर ठेवा. ब्राउझरने एकदा लक्षात ठेवलं, की तुम्हाला त्याच्याकडून ते सहज विसरवता येत नाही.

पायरी १०: रोलबॅक आणि रिस्टोअरची तालीम

लोकांना कळवण्याआधी एकदा मुद्दाम रोलबॅक करून पाहा. बटण कुठे आहे, किती वेळ लागतो, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सही मागे जातात की फक्त कोड, हे तुमच्या प्लॅटफॉर्मवर स्वतः बघा. प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं आहे. डेटाबेस मात्र कुठेच मागे जात नाही.

बॅकअपचंही तसंच. 'रोज घेतला जातो' या शब्दांवर समाधान मानू नका. कालचा बॅकअप एका रिकाम्या डेटाबेसमध्ये उतरवा, ॲपची एक वेगळी प्रत त्याला जोडा आणि शेवटची नोंदणी दिसते का पाहा. घड्याळ लावून करा. त्यापूर्वी त्या प्रतीतून मेल सेवेची खरी की काढून तिथे खोटी घाला, नाहीतर तालमीतला वर्कर खऱ्या लोकांना मेल पाठवेल. लागलेली मिनिटं आणि वापरलेल्या कमांड रेपोमधल्या एका फाइलमध्ये लिहून ठेवा. रात्री दोन वाजता ती फाइल उघडणारा माणूस कदाचित तुम्ही नसाल.

पायरी ११: बिलाला कुंपण

प्रतींची कमाल संख्या स्वतः ठरवा. ती न ठरवता ऑटोस्केलिंग चालू ठेवलं, तर एखादा हट्टी बॉटही तुमच्या प्रती वाढवतो आणि त्या प्रती वरच्या हिशेबातली कनेक्शन खातात. गूगल क्लाउडमधलं बजेट फक्त सूचना पाठवतं, खर्च आपोआप थांबवत नाही. हे सेट करताना लक्षात राहत नाही. म्हणून सूचना ५० टक्क्यांवरच लावा आणि ती रोज उघडल्या जाणाऱ्या इनबॉक्समध्ये पाठवा. पहिल्या महिन्यात बिलाच्या तपशिलात बाहेर जाणाऱ्या डेटाची आणि लॉगची ओळ शोधा. डीबग पातळीचे लॉग चालू राहिले असतील तर ते बहुधा तिथेच दिसतील.